ग्रीक ब्राँझ नाण्याचं वजन कुठल्याच तक्त्यात बसत नाही? हे तपासून पाहा

प्रश्न दर वेळी जवळपास तोच असतो. हातात एक ग्रीक ब्राँझ नाणं, काट्यावर ४.६ ग्रॅम, आणि शेजारी उघडलेला ग्रीक मूल्यांचा तक्ता: द्राख्मा ४.३ ग्रॅम, ऑबोल ०.७२ ग्रॅम. मग विचारणा होते, हा जरा जड पडलेला द्राख्मा समजायचा का? दुसऱ्या कुणाकडे एकाच छापाची दोन नाणी असतात, एक पाच ग्रॅमचं आणि एक साडेसात ग्रॅमचं. त्यातलं हलकं ते 'अर्धं' असणार, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलेलं असतं. तिसऱ्याने पाकिटावर 'एई १८' असं वाचलेलं असतं, आणि नाणं तर सहाच ग्रॅम भरतंय, तेव्हा विकणाऱ्याने फसवलं की काय या काळजीत तो असतो.

तिसऱ्याची काळजी लगेच मिटते. 'एई' म्हणजे तांबं किंवा तांब्याचा मिश्रधातू, आणि पुढचा आकडा मिलिमीटरमधला व्यास. अठरा मिलिमीटरचं नाणं सहा ग्रॅम भरणं अगदी रास्त आहे. उत्तरकालीन रोमन नाण्यांसाठी 'एई १' ते 'एई ४' अशी जी प्रतवारी वापरतात ती वेगळी. ती इथे आणायची नाही.

बाकी दोघांच्या अडचणीचं मूळ एकच आहे. ब्राँझ नाण्याचं वजन हा पुरावा आहे खरा, पण तो एकट्या नाण्याचा नसतो, त्याच्या सगळ्या भाऊबंदांचा मिळून असतो. नाणं कुठल्या शहराचं, कुठल्या राजाचं, साधारण कुठल्या काळातलं हे कळल्याशिवाय ४.६ या आकड्याला काही अर्थ नाही. बहुतेक जण नेमकी उलटी वाट धरतात: आधी वजन, त्यावरून मूल्य, आणि मूल्यावरून नाण्याची ओळख. या वाटेने कुणी पोचल्याचं मी पाहिलेलं नाही.

चांदीचा तक्ता बाजूला ठेवा

४.३ ग्रॅमचा द्राख्मा हे अथेन्सच्या, म्हणजे ॲटिक मापाच्या, चांदीचं वजन आहे. चांदीच्या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत होती. घेणारा ते तोलून घेऊ शकत होता, म्हणून टांकसाळही वजन काटेकोर सांभाळायची. ब्राँझचा मामला वेगळा. अथेन्समध्ये सहा ऑबोलचा एक द्राख्मा आणि आठ खाल्कूसचा एक ऑबोल. आता ०.७२ ग्रॅमचा आठवा भाग काढा: ०.०९ ग्रॅम चांदी. एवढंसं नाणं पाडलं तरी बोटांत धरता यायचं नाही. किरकोळ खरेदीची ही अडचण ब्राँझने सोडवली. इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिलीत आणि काळ्या समुद्राच्या काठी, आणि चौथ्या शतकात जवळपास सगळ्या ग्रीक जगात ही नाणी रुळली. ती चालत होती ती शहराच्या किंवा राजाच्या शब्दावर. त्यातल्या धातूची बाजारात काय किंमत येईल याच्याशी त्यांच्या मूल्याचा थेट संबंध नव्हता.

त्यामुळे टांकसाळीला हिशोब ठेवायचा होता तो एकूण धातूचा: इतक्या ब्राँझमधून इतकी नाणी निघाली पाहिजेत, बस्स. प्रत्येक चकती स्वतंत्र तोलून, घासून नेमकी करत बसायचं कारणच नव्हतं. साच्यात ओतलेल्या चकत्या जशा निघाल्या तशा ठशाखाली गेल्या. एक जरा जाड, एक जरा पातळ. म्हणून एकाच टांकसाळीतल्या, एकाच ठशाच्या नाण्यांत मधल्या वजनाच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज निघतो, आणि तो दोष नव्हे. ज्यांनी शिवराया जमवल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पेठेत त्या वजनाने नाही, नगाने चालायच्या.

तेव्हा पाच आणि साडेसात ग्रॅमची ती जोडी बहुधा एकाच किमतीची आहे. 'बहुधा' का म्हणतोय ते पुढे येईल.

काटा आणि नाणं, दोन्हींची तपासणी

काट्याबद्दल फार लिहीत नाही. स्वयंपाकघरातला, एकेक ग्रॅमने सरकणारा काटा इथे निकामी, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा पुरतो. काट्याबरोबर मिळालेलं प्रमाण वजन ठेवून आधी खात्री करा. नाणं प्लॅस्टिकच्या डबीतून किंवा पिना मारलेल्या कार्डातून बाहेर काढूनच तोला. आणि छताचा पंखा बंद करा, शेवटचा आकडा त्याच्यामुळेच नाचत असतो. दशांशाचं दुसरं स्थान नोंदवायचं ते नाणं पुढे ओळखता यावं म्हणून. मूल्य ठरवताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

नाण्याची अवस्था मात्र नीट पाहायला हवी. झीज सगळ्यांना दिसते, गंज तितका लक्षात येत नाही. ब्राँझची घनता साधारण ८.८. जमिनीत त्यातल्या तांब्याचे क्षार बनतात तेव्हा तांबड्या क्युप्राइटची घनता सहाच्या आसपास असते आणि हिरव्या मॅलाकाइटची चारच्या. क्षार बनताना बाहेरचा ऑक्सिजन, कार्बोनेट वगैरे त्यात शिरतं, म्हणून जाड थराचं नाणं मुळापेक्षा किंचित जडही भरू शकतं. पण तो थर खरवडला की मूळ धातूचा एक भाग त्याच्याबरोबर जातो. ॲसिडने किंवा विजेने 'साफ' केलेल्या नाण्याचं वजन एकाच दिशेला गेलेलं असतं: खाली. पृष्ठभाग खडबडीत, खवल्यांसारखा आणि रंग उघडा तांबूस दिसत असेल, तर काट्यावरच्या आकड्यात मनातल्या मनात भर घाला. आणि वजन अचूक मिळावं म्हणून नाणं साफ करायला तर अजिबात बसू नका.

एक सोपा हिशोब फार कामाला येतो. वजनाला ८.८ ने भागा, घनफळ मिळेल. त्याला नाण्याच्या क्षेत्रफळाने भागा, सरासरी जाडी मिळेल. आपलं ४.६ ग्रॅमचं नाणं अठरा मिलिमीटरचं असेल तर घनफळ ०.५२ घन सेंटिमीटर, क्षेत्रफळ २.५४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जाडी दोन मिलिमीटरच्या जरा वर. आता कॅलिपरने कडेला चार-पाच ठिकाणी जाडी मोजा. दोन-सव्वादोन आली तर धातू शाबूत आहे आणि नाणं खरोखरच पातळ चकतीवर पाडलंय. तीन आली तर आतून पोखरलेलं आहे किंवा वर थर चढलाय, आणि मूळ वजन सहाच्या आसपास असणं शक्य आहे. नाणं काही सपाट चकती नसते, उठाव असतो, कडा उतरत्या असतात, तेव्हा दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे सोडून द्या.

आपल्याकडे संग्राहकांच्या हाती ग्रीक म्हणून बरेचदा येतात ती इंडो-ग्रीक राजांची, अपोलोडोटस, मिनँडर यांची चौकोनी ब्राँझ नाणी. त्यांना व्यास नाही. दोन बाजू मोजून क्षेत्रफळ काढा, बाकी हिशोब तोच.

किंमत नाण्यावरच लिहिलेली आहे का?

हे आधी पाहायचं आणि बहुतेक जण शेवटी पाहतात. ग्रीक ब्राँझवर मूल्याची खूण सरसकट नसते, पण जिथे असते तिथे वाद संपतो.

सिसिलीतली जुनी नाणी यासाठी सर्वांत बोलकी. तिथे हिशोब लित्राचा होता आणि एका लित्राच्या बारा ओंकिया. नाण्यावर जितके ठिपके तितक्या ओंकिया: सहा ठिपके म्हणजे अर्धा लित्रा, हेमिलित्रॉन; दोन म्हणजे हेक्सास; एक म्हणजे एक ओंकिया. अक्रागासचं गरुड आणि खेकड्याचं तीन ठिपक्यांचं नाणं घ्या, आठ ग्रॅमच्या आसपास भरतं. शेजारच्या कामारिनाचं नाणं घ्या, एका बाजूला गॉर्गन या राक्षसीचं तोंड आणि दुसरीकडे पंजात पाल धरलेलं घुबड. ठिपके तीनच, वजन मात्र साधारण साडेतीन ग्रॅम. दोन्ही नाणी इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, एकाच बेटावरची, आणि दोन्हींवर लिहिलेली किंमत एकच. केवळ तोलून पाहणाऱ्याने अक्रागासचं नाणं डोळे झाकून दुप्पट किमतीचं ठरवलं असतं. हिमेराचं उदाहरण तर एकाच शहरातलं. गॉर्गन आणि सहा ठिपक्यांची सुरुवातीची नाणी वीस ग्रॅमच्या वर जातात, पुढची बरीच हलकी आहेत, ठिपके मात्र सहाचे सहा.

तीन ठिपक्यांच्या नाण्याला काही कॅटलॉग टेट्रास म्हणतात आणि काही ट्रियास, आणि चार ठिपक्यांच्या बाबतीत हीच अदलाबदल होते. दोन पुस्तकं जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसू नका. ठिपके मोजा आणि तेच लिहा.

मेसाना शहर इ.स.पू. तिसऱ्या शतकात मामेर्टिनी या भाडोत्री सैनिकांच्या ताब्यात होतं. त्यांच्या मोठ्या ब्राँझवर, लढवय्याच्या शेजारी, 'पाय' हे ग्रीक अक्षर दिसतं: दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई. ग्रीकमध्ये पाचाला 'पेंटे', त्याचं पहिलं अक्षर पाय, म्हणून हे पाच ओंकियांचं नाणं. समुद्रापलीकडे रेगिऑनने उभ्या रेघा मारून तेच काम केलं. आता थेट ॲलेक्झांड्रियाला जा, सातव्या क्लिओपात्राच्या ब्राँझकडे. गरुडाशेजारी तेच पाय अक्षर आहे, पण इथे अक्षरांना आकड्यांची किंमत देण्याची दुसरी पद्धत चालते आणि पाय म्हणजे ८०. लहान नाण्यावर म्यू, म्हणजे ४०. ही ८० आणि ४० द्राख्मांची नाणी. मोठं सोळा ते वीस ग्रॅमचं, लहान साधारण त्याच्या निम्मं. एकच अक्षर, एकीकडे पाच आणि दुसरीकडे ऐंशी. म्हणून खूण वाचायलाही आधी गाव ठाऊक हवं.

रोमन अमलातल्या ग्रीक शहरांनी ही सोय बरीच वाढवली. मार्कियानोपोलिसच्या इ.स. तिसऱ्या शतकातल्या नाण्यांवर एप्सिलॉन अक्षर आणि समोरासमोर दोन चेहरे दिसले की ते पाच असारियांचं (असारिया हे तेव्हाचं लहान ब्राँझ मूल्य). त्याच्या जवळपासच्या वजनाचं पण एकाच चेहऱ्याचं नाणं त्याखालच्या किमतीचं असू शकतं. खिऑस बेट तर याही पुढे गेलं: 'ऑबोल', 'तीन असारिया' असं सरळ शब्दांत नाण्यावर कोरून मोकळं झालं. सगळ्या शहरांनी असं केलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

खूण शोधताना नाणं तिरप्या उजेडात फिरवा. चित्राच्या खालची पट्टी, पायांजवळची मोकळी जागा, दोन्ही बाजूंची रिकामी जागा, सगळं पाहा. फक्त दिसेल ते अक्षर मूल्याचं समजू नका. टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं, जोडाक्षरी मोनोग्रॅम, सेल्युसिड (सिकंदरानंतर सीरियात राज्य करणारं ग्रीक घराणं) संवतातली वर्षं, असं बरंच काही तिथे असतं. पारख सोपी आहे. मूल्याची खूण नाण्याच्या आकाराबरोबर बदलते आणि एका आकारावर तीच राहते. अधिकाऱ्याचं अक्षर मात्र लहानमोठ्या सगळ्या नाण्यांवर सारखंच भटकत असतं.

खूण नसेल तेव्हा: गट जमवा

आता वजनाची पाळी. पण एका नाण्याच्या नाही, पंचवीस-तीस नाण्यांच्या वजनाची. ती तुमच्याकडे असण्याची गरज नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचे मॅसिडोनियन, सेल्युसिड आणि इजिप्तच्या टॉलेमी राजांच्या नाण्यांचे ऑनलाइन कॅटलॉग फुकट पाहता येतात. छाप शोधला की जगभरच्या संग्रहालयांतले नमुने वजनासकट समोर येतात. तुमच्या छापाची वजनं कागदावर उतरवा. तुटलेली, भोक पाडलेली नाणी वगळा. मग अर्ध्या अर्ध्या ग्रॅमचे कप्पे पाडून कुठल्या कप्प्यात गर्दी होते ते बघा. सरासरी काढू नका, दोन-चार कुजक्या नाण्यांनी ती खाली ओढली जाते. वजनं चढत्या क्रमाने लावून मधलं घ्या.

तिसऱ्या अलेक्झांडरचं (म्हणजे आपल्या सिकंदराचं) हमखास भेटणारं ब्राँझ घेऊ. एका बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीज, दुसऱ्या बाजूला गदा आणि म्यानातलं धनुष्य. अशा नाण्यांची गर्दी सहा ग्रॅमपाशी होते, व्यास सतरा ते एकोणीस मिलिमीटर. पसारा मात्र साडेचारपासून साडेसातपर्यंत. दुसरी, छोटी गर्दी तीन ग्रॅमपाशी, तिथे व्यास चौदा-पंधराच्या घरात. आणखी खाली दीड ग्रॅमची चिमुकली नाणी. कॅटलॉग यांना नाव न देता नुसतं 'एकक', 'अर्ध', 'पाव' म्हणतात. यांना तेव्हा बाजारात काय म्हणत हे नाण्यावर कुठेच लिहिलेलं नाही, तेव्हा हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

मग आपलं ४.६ ग्रॅमचं नाणं कुठे बसवायचं? वजन दोन गर्द्यांच्या मधोमध पडतंय, म्हणजे नुसत्या वजनाने निकाल नाही. व्यास अठरा असेल तर ते हलकं किंवा झिजलेलं एकक. चौदा असेल तर मघाचा जाडीचा हिशोब साडेतीन मिलिमीटरच्या जवळ जातो. ते जाड चकतीवरचं अर्ध.

आणि व्यासही अडला तर? चकत्या वाकड्यातिकड्या, लांबट, कडेला फाटलेल्या असतात, तेव्हा व्यासावरही फार विसंबता येत नाही. इथे मला सर्वांत भरवशाचं वाटतं ते ठशाचं माप. नाण्यावर चित्राभोवती जे मण्यांचं कडं असतं ते ठशावर कोरलेलं होतं. चकती ओतताना कमीजास्त झाली तरी ठसा बदलत नाही. आणि ठसा कोरणारा एककाचा ठसा एककाच्या मापाने आणि अर्धाचा अर्धाच्या मापाने कोरायचा. कॅलिपरने या मणीकड्याचा व्यास मोजा. कडं अर्धवट उमटलं असेल तर जितकी कमान दिसते तिच्यावरून वर्तुळ पुरं करा, किंवा चेहऱ्याची हनुवटीपासून माथ्यापर्यंतची उंची घ्या. कॅटलॉगमधल्या नाण्याचा व्यास दिलेला असतो, त्यामुळे फोटोवरून त्याचंही कडं किती मिलिमीटरचं हे प्रमाणाने काढता येतं. दोन ठशांच्या मापांत ढळढळीत फरक निघाला, तर मूल्यं वेगळी असण्याची शक्यता वजनापेक्षा याने जास्त पक्की होते. पाच आणि साडेसात ग्रॅमच्या जोडीचा निकाल मी याच्यावरच देईन: कडं सारखं, तर किंमत सारखी.

दोन गर्द्या दिसल्या म्हणजे दोन मूल्यं, असं नाही

वजनांच्या कागदावर दोन वेगळ्या गर्द्या दिसल्या की आनंद होतो. थांबा. त्या दोन मूल्यांच्या असतील किंवा एकाच मूल्याच्या दोन काळांतल्या. युद्ध, तिजोरीत खडखडाट, धातूची टंचाई अशा कारणांनी शहरं वजन घटवायची आणि मूल्य तेच ठेवायची. हिमेराचे सहा ठिपके वर पाहिलेच. ठिपके नसते तर त्यातल्या हलक्यांना आपण सरळ 'पाव लित्रा' म्हणून मोकळे झालो असतो.

फरक ओळखायचा तो चित्रावरून. एकाच वेळी बाजारात फिरणाऱ्या दोन किमती भाजीवाल्याला आणि गिऱ्हाइकाला काटा न काढता कळायला हव्यात, म्हणून त्यांची चित्रं सहसा वेगळी ठेवत. राजा सहाव्या मिथ्रिडेटिसच्या काळातली (इ.स.पू. १२० ते ६३) काळ्या समुद्राकाठच्या पॉन्टसच्या शहरांची ब्राँझ याचा उत्तम नमुना. अथेना आणि मेदुसाला मारून उभा असलेला पर्सियस हे सर्वांत मोठं, वीस ग्रॅमच्या आतबाहेर. पर्सियसचं डोकं आणि पाणी पिणारा पेगॅसस, साधारण बारा. युद्धदेव एरिसचं डोकं आणि म्यानातली तलवार, साधारण आठ. त्याखाली चार आणि दोनच्या आसपासची लहान. अमिसोस असो की सिनोपी, चित्र तेच तर पायरी तीच. इथे चित्र पाहिलं की मूल्याची पायरी कळली, वजन फक्त पडताळ्यापुरतं. सव्वासहा ग्रॅमचं एरिस-तलवार नाणं म्हणजे हलकं एरिस-तलवार नाणं. आठ आणि चारच्या मधलं एखादं नवं मूल्य नव्हे. या पायऱ्यांना कॅटलॉग टेट्राखाल्कॉन (चार खाल्कूस) वगैरे जी नावं देतात ती आजच्या अभ्यासकांची अटकळ आहे, हे ध्यानात असू द्या.

उलट चित्र आणि खुणा तंतोतंत त्याच, पण कोरण्याची शैली ढिली, अक्षरं ओबडधोबड आणि वजन घसरलेलं, असं दिसलं तर ती उतरत्या काळातली तीच किंमत धरा.

या नियमाला बगल देणारा इजिप्त

टॉलेमींच्या ब्राँझवर मात्र चित्राची मदत जवळपास नाहीच. मोठ्यापासून लहानापर्यंत बहुतेकांवर एका बाजूला झ्यूस-आमोन, दुसऱ्या बाजूला वज्रावर बसलेला गरुड. तिथे लोक नाणं ओळखत ते आकारावरून, आणि म्हणून पायऱ्या चांगल्या लांब लांब ठेवलेल्या आहेत. दुसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. २६० च्या सुमारास ब्राँझची सगळी घडीच बदलली आणि तळहातात जेमतेम मावणारी नाणी आली. तिसऱ्या टॉलेमीच्या काळातलं मोठं नाणं घ्या: व्यास बेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. त्याखाली साधारण पस्तीस ग्रॅमचं, मग तेवीस, मग अकरा-बारा. भागाकार करून पाहा: सहा, तीन, दोन, एक. द्राख्मा, तीन ऑबोल, दोन ऑबोल, एक ऑबोल अशी मांडणी यावरूनच सुचलेली आहे. वजनावरून मूल्य काढण्याची पद्धत चालते ती अशा ठिकाणी: काळ ठाऊक, गट मोठा, पायऱ्या लांब, आणि गुणोत्तर पूर्णांकात.

पण हाच तक्ता दोनशे वर्षांनी पुढे नेला की कोसळतो. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अकरा-बारा ग्रॅमचं ब्राँझ म्हणजे एक ऑबोल. क्लिओपात्राच्या काळात सोळा ते वीस ग्रॅमच्या नाण्यावर चक्क ८० द्राख्मा. मधल्या काळात इजिप्तमध्ये ब्राँझचे हिशोबी दर पुन्हा पुन्हा बदलले गेले. म्हणून 'टॉलेमी, ब्राँझ, १८ ग्रॅम' एवढ्या माहितीवर मूल्य विचारणाऱ्याला कुणी उत्तर दिलंच, तर ते उत्तर न ऐकलेलं बरं. राजा कितवा हे आधी ठरवा. गरुडाच्या पायांमधलं अक्षर, डाव्या बाजूचं चिन्ह, गरुड एक की दोन, यांवरून ते जमतं. बऱ्याच मोठ्या नाण्यांच्या मधोमध बारीक खळगा दिसतो. तो चकती तयार करतानाचा आहे, कुणी नाणं खराब केलेलं नाही, आणि त्याने वजनात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

सेल्युसिड राजांच्या ब्राँझबद्दल अभ्यासकांनी शहाणपणाचा रस्ता धरलाय. नावं माहीत नाहीत, तर देऊच नका. मोठ्यापासून लहानापर्यंत ए, बी, सी, डी, ई अशी नुसती अक्षरं, तीही प्रत्येक टांकसाळीपुरती. एका शहराचं 'बी' दुसऱ्या शहराच्या 'बी'एवढंच भरेल अशी अपेक्षा ठेवू नका. दातेरी कडेची नाणी मोजताना दात्याच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा.

एवढं करूनही जुळत नसेल तर

मग नाण्यावर दुसरं काही घडलंय का ते पाहा. जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारण्याची रीत सर्रास होती. सिराक्यूजची अथेना आणि दोन डॉल्फिनांमधल्या ताऱ्याची जाडजूड नाणी तीस ग्रॅमच्या पुढे जातात, आणि इ.स.पू. चौथ्या शतकात सिसिलीतल्या इतर शहरांनी त्यांच्यावरच आपला छाप उठवला. अशा नाण्याचं वजन जुन्या मालकाचं असतं. खालच्या चित्राचे अवशेष, उलट दिशेची एखादी कमान, भलत्याच जागी अक्षर दिसलं की हे लक्षात येतं. छोटा गोल किंवा चौकोनी शिक्का वरून मारलेला असेल तर नाणं नव्या किमतीने किंवा दुसऱ्या गावात पुन्हा चलनात आणलेलं असू शकतं, आणि तेव्हा वजनाकडे पाहण्यात अर्थ नाही.

छाप चांदीच्या नाण्याचा आणि रंग ब्राँझचा असेल तर ते ब्राँझ नाणं नसेलच. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली बनावट नाणी त्या काळीही होती. खुद्द अथेन्सने इ.स.पू. ४०६ च्या सुमारास युद्धाच्या ओढगस्तीत तशी अधिकृतपणे काढली. पत्रा गेला की उरतो गाभा, मूळ चांदीच्या नाण्यापेक्षा हलका. कडेच्या बेचक्यांत चांदीचे कण शोधा.

राहिली ती आजची ओतीव नक्कल. वजन गटाच्या पसाऱ्याच्या पार बाहेर, कडेला जोडाची रेघ, पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत आणि त्यावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे. चारही गोष्टी एकत्र आल्या तर मूल्यवर्गाची चर्चा तिथेच थांबवा.

चिठ्ठीवर काय लिहायचं

आधी जे मोजलं ते: वजन, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास, जाडी, मणीकड्याचा व्यास, दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांशी कुठल्या कोनात आहेत ते घड्याळाच्या तासांत. मग जे दिसलं ते: चित्रं, अक्षरं, ठिपके, कुठे आहेत तेही. मूल्य सगळ्यात शेवटी. नाण्यावर खूण असेल तर ठामपणे. गटावरून काढलं असेल तर 'एकक' किंवा 'अर्ध' एवढंच आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'द्राख्मा' किंवा 'ऑबोल' हे शब्द कॅटलॉगमधून घेतले असतील तर कुठल्या कॅटलॉगमधून तेही शेजारी लिहा. दुसऱ्याला विचारायचं असेल तर हीच चिठ्ठी आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, फोटोत मिलिमीटरची पट्टी नाण्याच्या पातळीवर ठेवून. पट्टी खाली टेबलावर आणि नाणं बोटांत असेल तर माप चुकतं.